स्वतःचा कर्नल बांधावा का? (लेबल मशीनच्या निमित्ताने, वागळे इस्टेटमधून)

रोड नं. १६ | शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, एक निर्णय अडकलाय: मशीनमधल्या लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतः बांधायचा का. सोमवारी रबाळ्याच्या गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वागळे इस्टेटमध्ये आमचं वर्कशॉप आहे, आठ माणसांचं. बाटल्यांवर लेबल लावायची मशीन बनवतो. औषधवाले, मसालेवाले, लोणचीवाले अशी गिऱ्हाइकं. आधी पीएलसी (कारखान्यातला साधा कंट्रोलर) वापरायचो. पण आता प्रत्येकाला बॅच नंबर, किती बाटल्या झाल्या, किती बाद झाल्या, सगळ्याची नोंद हवी असते. म्हणून तीन वर्षांपूर्वी पॅनल पीसीवर आलो. बिनपंख्याचा, टचस्क्रीनवाला, आत एक्स८६ जातीचा छोटा प्रोसेसर, वर डेबियन १२ हे लिनक्स. प्रोग्राम सी भाषेत आहे आणि तो मीच लिहिलाय. अशी ११ मशीन बाहेर चालू आहेत.

रचना अशी: पट्ट्यावरून बाटली येते, फोटो सेन्सर ती बघतो. सेन्सर एका आय-ओ मॉड्यूलला जोडलाय. ते मॉड्यूल आणि लेबलच्या रोलची मोटर फिरवणारा स्टेपर ड्राइव्ह दोन्ही आरएस-४८५ च्या तारांच्या एकाच जोडीवर, मॉडबस या ठरलेल्या भाषेत बोलतात. बॉड रेट, म्हणजे सेकंदाला बिट, १,१५,२००. पीसीला यूएसबीचा कन्व्हर्टर लावलाय. प्रोग्राम मॉड्यूलला सतत विचारत राहतो, "बाटली आली का?" उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न. आली म्हटलं की ड्राइव्हला हुकूम.

आतापर्यंतची गिऱ्हाइकं पट्टा मिनिटाला ६ मीटरने चालवायची. लेबल एक-दीड मिलिमीटर मागेपुढे व्हायचं, कुणाला खुपलं नाही. रबाळेवाल्यांनी पट्टा १२ मीटरवर नेला आणि लेबल तीन-तीन मिलिमीटर सरकायला लागलं. शिवाय तासा-दीड तासातून एखादं लेबल ८-१० मिलिमीटर लांब जाऊन बसतं. त्या बाटल्या त्यांनी रांगेने टेबलावर मांडून दाखवल्या. मान खाली घालून बघत राहिलो.

आता सल्ले तीन आलेत. एका ओळखीच्या इंजिनीअरचं म्हणणं, डेबियनचा कर्नल सगळ्या जगासाठी बांधलेला असतो, त्यातलं नको ते काढून रिअल टाइमवाला, म्हणजे ठरल्या वेळेत काम उरकणारा, स्वतःचा बांधा. एका सल्लागाराने तेच काम तीन महिन्यांचं सांगितलंय. आणि आमच्याकडे नुकताच लागलेला मुलगा म्हणतो, सर, आपल्याला एकच प्रोग्राम चालवायचाय, तर आपण मुळापासून आपलाच कर्नल लिहू.

कर्नल कंपाइल मी केलाय, नाही असं नाही. कॉलेजात असताना मेक मेन्यूकॉन्फिग करून, म्हणजे पर्याय निवडून, रात्रभर मशीन चालू ठेवलं होतं. पण गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये स्वतःचा कर्नल घालायचा की नाही, हे कुठल्या हिशेबाने ठरवतात?

घणसोली रात्रपाळी | शनिवार, रात्री ११.२५

कंपाइल कसं करायचं ते सांगणारे पुष्कळ भेटतील. मी पुढे काय होतं ते सांगतो, कारण ते मी भोगलंय.

महाप्याला एका कंपनीत होतो, नाव राहू दे. वीज मीटर वाचणारे गेटवे बनवायचो. एका हुशार सहकाऱ्याने स्वतःचा कर्नल बांधला. ड्रायव्हर काटछाट करून उरले तेवढेच ठेवले, बूट व्हायला लागायचा वेळ निम्म्यावर आणला, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साठेक गेटवे बाहेर गेले. पुढे तो नोकरी सोडून गेला. तीन वर्षांनी बोर्डाची नवी खेप आली आणि तिच्यावरची इथरनेटची चिप बदललेली. जुन्या कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर नाही. बांधा म्हटलं नवीन, तर निवडलेल्या पर्यायांची .कॉन्फिग फाइल कुठाय? ती त्याच्या लॅपटॉपवर होती, आणि तो लॅपटॉप केव्हाच फॉरमॅट होऊन दुसऱ्याच्या टेबलावर गेला होता. पॅच कुठले लावले होते, कुणाला माहीत नाही. नवीन जीसीसी कंपायलरने जुना सोर्स कंपाइल होईना.

आम्हाला तारलं एका गोष्टीने. कर्नल बांधताना त्याने आयके-कॉन्फिगचा पर्याय चालू ठेवला होता. त्यामुळे चालू गेटवेमध्ये /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड ही फाइल होती, म्हणजे कर्नल स्वतःची कुंडली स्वतःजवळ बाळगून होता. एका गिऱ्हाइकाकडे जाऊन, शिडीवर चढून, सिरीयल केबल लावून ती उतरवली. /प्रॉक/व्हर्जनमध्ये कंपायलरची आवृत्ती मिळाली, तोच कंपायलर जुन्या डेबियनच्या डब्यात (कंटेनरमध्ये) बसवला. पॅच मात्र अंदाजाने पुन्हा लिहिले. दोन महिने गेले.

म्हणून माझा प्रश्न एवढाच: तुमच्या आठ माणसांत, तुम्ही पंधरा दिवस गावाला गेलात, तर तो कर्नल पुन्हा बांधू शकेल असं दुसरं कोण आहे?

बिट आणि बाइट | शनिवार, रात्री ११.५०

मी कोपरखैरण्याला राहतो, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला तुमच्या त्या मुलाचं म्हणणं पटतं. लिनक्समध्ये तीन कोटींच्या वर ओळी आहेत. तुम्हाला त्यातल्या किती लागणार? एक टायमर, एक सिरीयल पोर्ट, एक स्क्रीन. लिनस टॉरवल्ड्सनेही १९९१ मध्ये एकट्यानेच सुरुवात केली होती ना? त्याच्या ३८६ वरून विद्यापीठाच्या कॉम्प्युटरशी जोडून घ्यायला त्याने टर्मिनलचा प्रोग्राम लिहिला आणि त्यातूनच पुढे कर्नल उभा राहिला.

खाडीपूल | रविवार, सकाळी ७.१५

बिट आणि बाइट, तुझी ओढ मला कळते. मीही ऐरोलीच्या घरी पहिल्यांदा स्क्रीनवर स्वतःच्या बूट कोडने एक अक्षर उमटवलं, तेव्हा आईला झोपेतून उठवलं होतं. पण हे वाक्य मोड: "एक टायमर, एक सिरीयल पोर्ट, एक स्क्रीन."

सिरीयल पोर्ट यूएसबीवर आहे. म्हणजे आधी पीसीआय बस चाळून यूएसबीचा एक्सएचसीआय कंट्रोलर शोधायचा, त्याचा ड्रायव्हर लिहायचा. त्याचा नुसता मसुदा शेकडो पानांचा आहे. त्यावर यूएसबीची गणना, मग कन्व्हर्टरच्या चिपचा ड्रायव्हर. टचस्क्रीनही यूएसबीवरच असणार. नोंदी ठेवायच्या तर डिस्कचा ड्रायव्हर आणि वीज गेली तरी न फाटणारी फाइल सिस्टिम. नोंदी ऑफिसात पाठवायच्या तर नेटवर्क. पेजिंग, इंटरप्ट, शेड्युलर (कुठल्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा ते ठरवणारा) यांचं तर मी अजून नावही घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेच त्यातल्या त्यात सोपं आहे, कारण त्यावर पुस्तकं आहेत.

आणि १९९१ ची गोष्ट पूर्ण सांग. २५ ऑगस्टला त्याने लोकांना कळवलं तेव्हा स्वतःच लिहिलं होतं की हा छंद आहे. तो कुणाच्या कारखान्यात लेबल लावत नव्हता.

तुला मनापासून सांगते, एक्सव्ही६ घे. एमआयटीत शिकवण्यासाठी बनवलेला छोटा कर्नल आहे, १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवरून घेतलेला, आता रिस्क-फाइव्ह जातीच्या प्रोसेसरवर चालतो. काही हजार ओळींचा आहे, एका सुट्टीत वाचून होतो. क्यूईएमयूमध्ये, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालव, त्यात नवा सिस्टिम कॉल घाल, शेड्युलर बदलून बघ. आणि रोड नं. १६ यांच्याकडच्या त्या मुलालाही सोबत घे. हे सगळं शिकल्यावर लिनक्सचा कर्नल वाचताना अंधारात चाचपडावं लागत नाही.

आता रोड नं. १६, तुमच्याकडे वळते. तुम्ही औषध विचारताय, पण ताप मोजलेला नाही. कर्नलमुळे उशीर होतोय, हे कशावरून? एक काम करा. प्रोग्राम सेकंदाला किती वेळा मॉड्यूलला विचारून उत्तर घेतो, ते मोजा. फक्त एक मोजणी, दर सेकंदाला छापायची. हिशेब असा: प्रश्न ८ बाइटचा, उत्तर ६ बाइटचं. १४ बाइट, प्रत्येकी ११ बिट, म्हणजे १५४ बिट. १,१५,२०० च्या वेगाने सव्वा ते दीड मिलिसेकंद. मॉड्यूलला विचार करायला एखादा मिलिसेकंद, आणि दोन संदेशांमधली शांतता पावणेदोन. सगळं धरून चारेक मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला दोनशे ते अडीचशे फेऱ्या व्हायला हव्यात. किती होतात ते सांगा.

मासुंदा | रविवार, सकाळी ८.०५

वाचतोय. वाचनखूण साठवली.

पॅनलवाले काका | रविवार, सकाळी ९.३०

मी निवृत्त माणूस आहे, कर्नल मला कळत नाही. पण वागळे आणि ठाणे-बेलापूर रोडवर पस्तीस वर्षं पॅनल उभे केलेत.

बाळा, तुझ्या सेन्सरची तार आधी मॉड्यूलकडे जाते, मग मॉड्यूल पीसीला सांगतो, पीसी ड्राइव्हला सांगतो. तातडीचं काम तीन हातांतून फिरतंय. पूर्वी आम्ही सेन्सरची तार थेट ड्राइव्हच्या फास्ट इनपुटला द्यायचो. ड्राइव्ह स्वतः सिग्नलची धार पकडतो आणि लेबल सोडतो. वरच्याने फक्त किती लांबीचं लेबल आणि किती अंतराने, एवढं आधी सांगून ठेवायचं. मग वरचा अर्धा सेकंद झोपला तरी चालतं. तुझ्या ड्राइव्हला तसं इनपुट आहे का?

रोड नं. १६ | रविवार, दुपारी १.२०

काका, नमस्कार. तुमचं बरोबर आहे आणि ऐकून जरा लाजही वाटली, कारण पीएलसी होता तेव्हा आम्ही हेच करत होतो. पीसी आल्यावर सगळं सॉफ्टवेअरमध्ये ओढलं. आत्ताच्या स्टेपर ड्राइव्हला तसं इनपुट नाही. पुढच्या मॉडेलला ड्राइव्ह बदलायचा किंवा मध्ये छोटा मायक्रोकंट्रोलर घालायचा, हे वहीत लिहून ठेवलंय. पण बाहेरची ११ मशीन आहेत तशीच सांभाळायची आहेत.

ताई, मोजलं. सकाळी वर्कशॉप उघडून नमुन्याच्या मशीनवर मोजलं. सेकंदाला ६२. कधी ६३, कधी ६२. दहा मिनिटं बघितलं, हलतच नाही. मला वाटलं होतं आकडा उड्या मारेल.

खाडीपूल | रविवार, दुपारी १.४५

६२! आणि तोही स्थिर!

हजार भागिले ६२ किती? सोळा. एक फेरी बरोबर १६ मिलिसेकंदांची. आता तुमचा पट्टा बघा. मिनिटाला १२ मीटर म्हणजे सेकंदाला २० सेंटिमीटर, म्हणजे एका मिलिसेकंदाला ०.२ मिलिमीटर. १६ मिलिसेकंदांत ३.२ मिलिमीटर. तुमचं लेबल तेवढंच सरकतंय. ६ मीटरवर त्याच्या निम्मं, तुमचं ते एक-दीड मिलिमीटर.

कर्नलचा शेड्युलर उशीर करत असता तर आकडा खालीवर झाला असता, कधी १८०, कधी ९०. इतका सरळ आकडा म्हणजे कुठेतरी कुणीतरी घड्याळ लावून बसलंय. ते घड्याळ तुमच्या कन्व्हर्टरच्या चिपमध्ये आहे.

या जातीच्या चिपा तारेवरून आलेले बाइट लगेच पीसीला देत नाहीत. ६२ बाइट जमेपर्यंत किंवा ठरावीक वेळ संपेपर्यंत साठवून ठेवतात, म्हणजे यूएसबीवर सारखी ये-जा नको. मोठी फाइल पाठवायची असेल तर हे शहाणपणाचं आहे. पण तुमचं उत्तर ६ बाइटचं. ६२ कधी भरणार? म्हणून दर वेळी घड्याळ संपेपर्यंत ते तिथे अडकतं. आणि त्या घड्याळाची मूळ सेटिंग असते १६ मिलिसेकंद. ६२ बाइट आणि ६२ फेऱ्या हा मात्र निव्वळ योगायोग आहे, त्यात गुंतू नका.

/सिस/बस/यूएसबी-सिरीयल/डिव्हायसेस/ खाली टीटीवाययूएसबी० च्या फोल्डरमध्ये लेटन्सी_टायमर नावाची फाइल आहे. कॅट करून वाचा. १६ दिसेल. त्यात १ लिहा, रूट म्हणून. प्रोग्राम बंदही करावा लागणार नाही.

रोड नं. १६ | रविवार, दुपारी २.१०

१६ च होता.

१ लिहिला आणि मोजणी दुसऱ्या सेकंदाला १९० वर गेली. मी खुर्चीतून उठलो. पट्टा १२ मीटरवर लावून दोनशे बाटल्या सोडल्या. कॅलिपर घेऊन पहिल्या पन्नास मोजल्या. सगळी लेबलं एक मिलिमीटरच्या आत.

ताई, तीन महिन्यांचं काम होतं ते. एका फाइलमध्ये एक आकडा.

बिट आणि बाइट | रविवार, दुपारी २.३०

हे वाचून मी घरातला कन्व्हर्टर काढून बघितला. माझ्याकडेही १६ च आहे!

घणसोली रात्रपाळी | रविवार, दुपारी ४.००

अभिनंदन, पण ती ८-१० मिलिमीटरवाली भानगड अजून बाकी आहे. ८-१० म्हणजे ४०-५० मिलिसेकंद. तासातून एकदा. नोंदी कुठे लिहिता? आणि लिहून झाल्यावर एफसिंक करता का?

रोड नं. १६ | रविवार, दुपारी ४.२०

करतो. दर शंभर बाटल्यांनी एक ओळ, आणि लगेच एफसिंक, कारण वीज गेली तर नोंद हरवायला नको. ईएमएमसीवर, म्हणजे बोर्डावरच्याच फ्लॅश साठवणीवर. आणि हो, मॉडबसच्याच लूपमध्ये. तुम्ही विचारल्याबरोबर लक्षात आलं.

घणसोली रात्रपाळी | रविवार, दुपारी ४.३५

मग तेच. एफसिंक म्हणजे "डिस्कवर पक्कं उमटेपर्यंत मी इथून हलत नाही" असं सांगणं. ईएमएमसी एरवी ते चटकन उरकते, पण आत तिची स्वतःची झाडलोट चालू असते. जुने ब्लॉक पुसणं, हलवणं. नेमकं त्या वेळी तुम्ही गेलात की ती थांबवून ठेवते. तेवढ्या वेळात बाटली निघून जाते. कुठलाही कर्नल घाला, रिअल टाइमवाला घाला, तुमचा प्रोग्रामच डिस्कची वाट बघत बसला असेल तर तो काय करणार?

नोंदी लिहायला वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग, करा. लूपने फक्त रांगेत टाकायचं, लिहिणारा आपल्या गतीने लिहील. मॉडबसच्या थ्रेडला स्केड-फिफोमध्ये, म्हणजे कर्नलच्या तातडीच्या रांगेत, प्राधान्य द्या आणि एमलॉकऑल करून त्याची मेमरी जागेवर बांधून ठेवा. यातल्या कशालाच कर्नल बांधावा लागत नाही.

पॅनलवाले काका | रविवार, सायंकाळी ६.१०

४८५ च्या दोन्ही टोकांना १२० ओमचे रेझिस्टर आहेत ना? आता फेऱ्या तिप्पट झाल्यात, तार कच्ची असेल तर सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेले संदेश, वाढतील.

रोड नं. १६ | रविवार, सायंकाळी ६.२५

काका, एका टोकाला होता, दुसऱ्या टोकाला नव्हता. आत्ता लावला.

उरणफाटा | रविवार, रात्री ८.४०

धागा छान चाललाय, पण कर्नल बांधूच नये असा समज होऊ नये म्हणून दुसरी बाजू मांडतो. आम्ही सीबीडीत बसून गाड्यांसाठी छोटे डिस्प्ले बनवतो. चावी फिरवल्यावर मागचा कॅमेरा लगेच दिसायला हवा, गाडी चालवणारा वाट बघत बसणार नाही. तिथे आम्ही कर्नल स्वतःच बांधतो. लागणारे ड्रायव्हर आतच, बूटच्या वेळची तात्पुरती फाइल सिस्टिम (इनिटरामएफएस) नाही, बाकी सगळं बाहेर. शिवाय बोर्ड कंपनीचे पॅच मूळ कर्नलमध्ये नाहीत, त्यामुळे दुसरा इलाजही नाही. पण त्या कामाला आमच्याकडे दोन माणसं कायमची नेमली आहेत. बिल्डरूट या बांधणीच्या साधनाची सगळी मांडणी गिटमध्ये, कंपायलरसकट. दर काही आठवड्यांनी एलटीएसच्या (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या कर्नलच्या) नव्या आवृत्तीवर बांधून टेबलावरच्या बोर्डांवर रात्रभर चालवायचं. हे काम वर्षानुवर्षं चालू राहतं, आणि पहिल्या दिवशी कोटेशनमध्ये ते कुणी धरत नाही.

अजून दोन गोष्टी. एक, लिनक्स जीपीएल आवृत्ती २ खाली आहे. मशीनसोबत कर्नल गिऱ्हाइकाला जातो म्हणजे त्याने मागितला तर सोर्स द्यायला आपण बांधील आहोत. डेबियनचा तयार कर्नल असेल तर त्याचा सोर्स जागेवर सापडतो. स्वतःचा असेल तर नेमका तोच सोर्स, तुमच्या बदलांसह, जपून ठेवायला लागतो. दुसरी, तुमचं गिऱ्हाईक मशीन युरोपला पाठवणार असेल तर तिथला सायबर रेझिलियन्स कायदा बघा. तो डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला आणि त्यातली मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून येतायत. सुरक्षेची छिद्रं बुजवत राहणं ही मशीन बनवणाऱ्याची जबाबदारी होते. डेबियनवर असाल तर कर्नलपुरतं निम्मं ओझं त्यांच्या सुरक्षा चमूने उचललेलं असतं. स्वतःचा कर्नल म्हणजे ते सगळं तुमच्या डोक्यावर.

रोड नं. १६ | रविवार, रात्री ९.३०

थ्रेड वेगळा केला. आता एक विचारायचंय. हे दोन्ही निस्तरलं तरी रिअल टाइम कर्नलचा प्रश्न उरतोच ना? आत्ता १ मिलिमीटरच्या आत आहे. उद्या कुणी १८ मीटर मागितलं तर?

खाडीपूल | रविवार, रात्री १०.०५

आता हा प्रश्न योग्य वेळी आला. याचंही उत्तर मोजूनच काढा. आरटी-टेस्ट्स नावाचं पॅकेज बसवा, त्यात सायक्लिकटेस्ट आहे. त्याचा थ्रेड दर मिलिसेकंदाला उठायचं ठरवतो आणि प्रत्यक्षात किती उशिरा उठला ते नोंदवतो. सरासरीकडे बघू नका, सर्वांत मोठा आकडा बघा. आणि मशीन मोकळं ठेवून मोजू नका. स्क्रीन चालू, नोंदी चालू, नेटवर्कवर फाइल कॉपी चालू, असं रात्रभर.

आकडा मोठा आला तर पायऱ्या आहेत. पहिली, बूटच्या ओळीत प्रीएम्प्ट=फुल, म्हणजे तातडीचं काम आलं की कर्नलने हातातलं बाजूला ठेवावं. डेबियनच्या आत्ताच्या कर्नलमध्ये हे बूट करतानाच बदलता येतं. दुसरी, सी-स्टेट्स मर्यादित करणं, कारण प्रोसेसर गाढ झोपला की उठायला वेळ घेतो. बायोसमध्ये किंवा बूटच्या ओळीतच होतं. तिसरी, डेबियनचं तयार रिअल टाइम कर्नलचं पॅकेज, लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी६४. ॲप्टने बसतं, सुरक्षेचे अपडेटही ॲप्टनेच येतात. प्रीएम्प्ट-आरटीचं, म्हणजे लिनक्सला रिअल टाइम करण्याचं काम २० वर्षं मूळ कर्नलच्या बाहेर पॅच म्हणून चाललं होतं. २०२४ मध्ये ते ६.१२ पासून मूळ कर्नलमध्ये आलं, एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-फाइव्हसाठी. डेबियन १३ ६.१२ वरच आहे. म्हणजे लोकांना पूर्वी ज्यासाठी कर्नल बांधावा लागायचा, त्यातलं सर्वांत मोठं कारण आता तयार मिळतं.

आणि एक जागा अशी आहे जिथे कुठलाच कर्नल पोहोचत नाही. काही पीसींमध्ये बायोस अधूनमधून प्रोसेसर आपल्याकडे ओढून घेतं, एसएमआय म्हणतात त्याला. तापमान बघणं, यूएसबीची जुनी नक्कल वगैरे. तेवढा वेळ कर्नलला आपण थांबलोय हेही कळत नाही. एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट चालवून बघा. तिथे आकडे मोठे आले तर पॅनल पीसीच बदलायचा, कर्नल नाही.

रोड नं. १६ | सोमवार, सकाळी ८.१५

रात्रभर चालवलं. नेहमीच्या कर्नलवर सर्वांत मोठा आकडा अडीच मिलिसेकंदांच्या जवळ. सी-स्टेट्स बांधल्यावर दोन तास पुन्हा चालवलं, तेव्हा एकाच्या खाली. आरटीचं पॅकेज दुसऱ्या पीसीवर बसवून पहाटेपासून लावलंय, अजून शंभर मायक्रोसेकंदांच्या वर गेलेलं नाही. एचडब्ल्यूलॅटडिटेक्टमध्ये काही सापडलं नाही.

अडीच मिलिसेकंद म्हणजे १२ मीटरच्या पट्ट्यावर अर्धा मिलिमीटर. गिऱ्हाइकाची मर्यादा दीड मिलिमीटरची आहे.

ठरवलं ते असं. बाहेरच्या ११ मशीनना कर्नलला हात लावायचा नाही. टायमर, वेगळा थ्रेड, सी-स्टेट्स, एवढंच घेऊन फिरायचं. नवीन मशीन डेबियन १३ वर, आरटीच्या तयार पॅकेजसह. आणि पुढच्या मॉडेलला काकांनी सांगितलं तसं, सेन्सरची तार मायक्रोकंट्रोलरला, लेबल तोच सोडणार, पीसीकडे फक्त स्क्रीन आणि नोंदी. तो मायक्रोकंट्रोलरचा भाग आमच्या त्या मुलाला दिलाय. फ्रीआरटीओएस या छोट्या रिअल टाइम सिस्टिमवर करायला सांगितलंय, त्याचा कर्नल लहान आहे, त्याला तो पूर्ण वाचता येईल. ताई, एक्सव्ही६ चं नावही त्याला कळवलंय. तो बिट आणि बाइटला भेटायला कोपरखैरण्याला येणार आहे, रविवारी.

सल्लागाराला फोन करून नको सांगितलं. त्याला कारणही नीट समजावून सांगितलं.

बिट आणि बाइट | सोमवार, सकाळी ८.३०

नक्की या! माझ्याकडे रिस्क-फाइव्हचा बोर्ड नाही, पण क्यूईएमयू तयार करून ठेवतो.

घणसोली रात्रपाळी | सोमवार, सकाळी ८.५०

एक राहिलं. लेटन्सी टायमरमध्ये लिहिलेला १ बूट झाल्यावर टिकत नाही, केबल काढून लावली तरी पुन्हा १६. यूडेव्हचा (उपकरण जोडलं की आपोआप लागणारा) नियम घाला, चिपच्या व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडीवर. आणि गिऱ्हाइकाच्या माणसाने कन्व्हर्टर बिघडला म्हणून बाजारातून दुसऱ्या जातीच्या चिपचा आणून लावला, तर तो नियम लागणारच नाही, कारण ती फाइल सगळ्या ड्रायव्हरना नसते. म्हणून प्रोग्राम सुरू होताना फेऱ्या मोजा आणि शंभराच्या खाली असतील तर स्क्रीनवर लाल पट्टी दाखवा.

रोड नं. १६ | सोमवार, सकाळी ९.२०

नियम घातला, लाल पट्टीही घातली. कन्व्हर्टर काढून, लावून, पीसी तीनदा बंद-चालू करून बघितलं, १ च राहतो. पॅनलच्या दारावर आतून कागद चिकटवलाय: "हा कन्व्हर्टर बदलण्याआधी फोन करा." खाली वर्कशॉपचा नंबर. ९.४७ ची लोकल पकडून रबाळ्याला निघतोय, कॅलिपर सोबत घेतलाय.